गोकर्णीच्या शेंगा आणि शेवटची तीन अक्षरं

माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात एक ओळ आहे. 'गोकर्णीच्या ताज्या हिरव्या शेंगा भंडारा जिल्ह्यातून गोळा केल्या.' बस्स, एवढीच. प्रबंध असाच लिहायचा असतो, त्यात कुणाचे हात दिसता कामा नयेत. परीक्षकांनी नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवून विचारलं होतं, "कुणी गोळा केल्या?" मी म्हणाले, "घरच्यांनी." ते हसले आणि पान उलटलं. मला काही हसू आलं नाही. त्या ओळीमागे जे घडलं ते सांगायची ती जागा नव्हती, म्हणून इथं सांगते.

आमचं घर मोहाडीत. बाबा तहसील कचेरीत शिपाई होते, आवक-जावकच्या टेबलापाशी. जिल्हा तुटला आणि गोंदिया वेगळा झाला तेव्हा मी चौथीत होते. गुरुजींनी वर्गातल्या नकाशावर लाल पेनानं रेघ ओढली आणि आमचा जिल्हा अर्धा झाला, याचं मला फार वाईट वाटलं होतं. बाबांना वाईट वाटून घ्यायला सवड नव्हती. कचेरीत छापील पत्त्यांच्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे पडून होते, पाकिटांवर चिकटवायच्या. तिरोडा, आमगाव, देवरी, आणि प्रत्येकाच्या शेवटी 'जिल्हा भंडारा'. साहेब म्हणाले, फेकायच्या नाहीत, दुरुस्त करायच्या. मग बाबा ते गठ्ठे घरी आणायचे, अंगणात बसायचे, चिठ्ठीचं शेवटचं 'भंडारा' कात्रीनं कापायचे आणि तिथं 'गोंदिया' लिहिलेला तुकडा खळीनं जोडायचे. एक झाली की दुसरी.

मी मदतीला बसले, आणि पहिल्याच चिठ्ठीत घोळ केला. तुकडा मधेच चिकटवला, नेमका 'तहसीलदार' या शब्दावर. बाबा रागावले नाहीत. ते कधीच रागवायचे नाहीत, रागाचा वारसा मला आईकडून मिळाला. एवढंच म्हणाले, "अवं बाई, मधात चिकटवली त पत्र जाईन कुठं? नाव झाकाचं नाही. शेपटीलेच लाव."

पुढे वीसेक वर्षांनी नागपूरच्या लॅबमध्ये मी नेमक्या याच चुकीशी भांडत बसले होते.

माझं काम साधं सांगायचं तर असं. मी एक छोटं प्रोटीन तयार केलं होतं. धानावर करपा पडतो ना, त्याच्या बुरशीला हे प्रोटीन जाऊन धरायचं. त्याला एक चमकणारा रंग जोडला, लेबल लावल्यासारखा, तर पानावर एकही डाग दिसायच्या आधी बुरशी आत कुठवर शिरली आहे ते सूक्ष्मदर्शकातून दिसलं असतं. कल्पना छान होती. पण रंग जोडायची नेहमीची रासायनिक पद्धत म्हणजे माझ्यासारखीच चौथीतली पोरगी. जिथं जागा दिसेल तिथं चिकटवून मोकळी. प्रोटीनच्या ज्या भागानं बुरशीला धरायचं, त्याच्यावरच रंग बसायचा. माझं प्रोटीन दिव्यासारखं चमकायचं, आणि काहीही धरायचं नाही. नाव झाकलेलं पत्र.

रंग फक्त शेपटीलाच जोडणारी एन्झाइमं असतात हे मला माहीत होतं. जीवाणूंपासून मिळणारं एक आमच्याकडे होतंही. पण ते काम करायचं सरकारी गतीनं. तासन् तास घ्यायचं, प्रोटीनइतकंच एन्झाइम ओतावं लागायचं, आणि वर जोडलेलं परत तोडून ठेवायचं. शंभरातली वीस-पंचवीस लेबलं टिकली तरी नशीब. माझ्या मार्गदर्शक सरांनी सप्टेंबरात मला समोर बसवून सांगितलं, "डिसेंबरला फेलोशिप संपते. तोवर हे प्रकरण उभं राहिलं नाही, तर विषय बदलावा लागेल." पाचव्या वर्षी विषय बदलणं म्हणजे काय हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. सामान बांधून मोहाडीला परत जाणं. तिथं आईनं अख्ख्या गल्लीत सांगून ठेवलं होतं, पोरगी डॉक्टर होऊन राहिली, सुईवाली नाही, पुस्तकवाली.

त्याच आठवड्यात माझ्या हाती एक संशोधनपर लेख लागला. एका वेलीच्या शेंगांत असं एन्झाइम आहे की ते प्रोटीनच्या साखळीतली शेवटची तीन अमिनो आम्लं, म्हणजे शेवटची तीन अक्षरं, वाचतं, मागची दोन कापून टाकतं आणि उरलेल्या एकाला नवा तुकडा जोडतं. काही मिनिटांत. चिमूटभर पुरतं. प्रोटीनच्या शेपटीला ती तीन अक्षरं आपण आधी लावून ठेवायची, बाकी काम ते करतं. वेलीचं लॅटिन नाव वाचून मला काही बोध झाला नाही. ते ठेवणाऱ्या साहेबाच्या मनात त्या दिवशी काय चाललं होतं हेही चारचौघांत सांगण्यासारखं नाही. मग खाली फोटो आला. निळं फूल, मधे पांढरट पिवळी झाक.

मी खुर्चीतून उठलेच. ते आमच्या कुंपणावरचं फूल होतं. गोकर्णी. शाळेत जाताना माझी वेणी तिच्यात अडकायची म्हणून मी तिला शिव्या दिल्या होत्या. कात्री आणि खळ दोन्ही पोटात घेऊन, बाबांचंच काम करत, ती वेल माझ्या जन्माच्या आधीपासून आमच्या दारात उभी होती. आणि मी जगभरातले लेख धुंडाळत होते. मला खरंच आपलं डोकं कुठंतरी टेकवावंसं वाटलं.

एन्झाइम विकत आणणं आमच्या लॅबच्या आवाक्यातलं नव्हतं. शेंगा आणून स्वतःच काढायचं ठरलं. मी आईला फोन केला. "गोकर्णीच्या हिरव्या शेंगा तोड, कोवळ्या. जितक्या मिळतील तितक्या. आणि खराब होऊ देऊ नको, माझं सगळं त्याच्यावर आहे." आई म्हणाली, "तू काही फिकर करू नको."

चौथ्या दिवशी बाबा पिशवी घेऊन आले. पिशवी हलकी होती. आत शेंगा होत्या, सुंदर, एकसारख्या, आणि कडकडीत वाळलेल्या. आईनं त्या मिठाच्या उकळत्या पाण्यातून काढल्या होत्या आणि सावलीत तीन दिवस वाळवल्या होत्या. आमच्याकडे पावसाळ्यासाठी भाजी अशीच टिकवतात. पोरीचं सगळं त्याच्यावर आहे म्हटल्यावर तिनं मीठही जरा जास्तच घातलं होतं.

मी तिथल्या तिथं फोन लावला आणि जे नको ते बोलले. बाबा समोर उभे होते. "तुला काही समजत नाही," असंही बोलले. पलीकडून आई हळूच म्हणाली, "तूच म्हनली ना वं, खराब होऊ देजो नको."

खरं होतं. मी तेच म्हणाले होते. चूक माझी होती आणि ओरडा तिनं खाल्ला.

मी शेवटी खाली बसले आणि नीट सांगितलं. शेंगेच्या आत एक काम करणारी गोष्ट असते, ती थोडीशीच असते पण पुष्कळ काम करते, आणि उकळत्या पाण्यात गेली की संपते. कढत दुधात विरजण टाकलं तर दही लागतं का?

"विरजन?" आई म्हणाली. "मंग असं सांगाचं ना! विरजन हाय म्हनून सांगतली असती त मी कायले उकडली असती?" पाच वर्षं मी तिला माझं काम समजावून सांगत होते, ते त्या एका शब्दात झालं. त्यानंतर आमच्या घरात त्या एन्झाइमचं नाव विरजणच पडलं.

पण आता वेलीवर शेंगा नव्हत्या. होत्या नव्हत्या त्या आईनं मिठाच्या पाण्यातून काढल्या होत्या. नव्या धरायच्या तर फुलं वेलीवर राहायला हवीत, आणि आमच्या कुंपणावर फूल सहसा राहतच नसे. गल्लीची तशी रीतच होती. ज्याच्या दारात फुलं, ती सगळ्यांची. उजाडायच्या आत समोरच्या घरची काकू येऊन तिच्या महादेवासाठी ओंजळभर निळी फुलं तोडून न्यायची. ती शेतकऱ्याघरची, गल्लीतलं सगळ्यात जुनं घर तिचं. उरलेली आई विहारात नेऊन बुद्धाला वाहायची. काकू आमच्याकडे चहा प्यायला लागली ती फार उशिरा, माझ्या बारावीनंतर. फुलं मात्र पहिल्यापासून चालायची. आई हे हसत सांगायची, पण सांगायची.

आणि आता नवरात्र तोंडावर आलं होतं. काकूच्या घटावर रोज एक माळ चढायची, त्यात गोकर्णी असायचीच.

आई काकूकडे गेली. तिथं काय बोलणं झालं ते मला बाबांकडून कळलं. आई म्हणाली, फुलं तोडू नका, पोरीले शेंगा पाह्यजे. काकू म्हणाली, नवरात्रात? आई म्हणाली, हो, नवरात्रातच, तिच्याजवळ डिसेंबरलोकच टाइम हाय. काकूनं विचारलं, शेंगांचं करते का पोरगी? आई म्हणाली, विरजन काढते. धानाचा करपा दिसाले लागते त्याच्यानं. काकू म्हणाली, "माह्या धानाच्या बांधीत दोन साल झाले करपा येऊन राहिला. देवाले झेंडू वाहीन. देव का फुलं मोजते?"

शेजारच्या बाकी घरांना तिनंच सांगितलं. तिचं गल्लीत कुणी मोडत नसे.

मी दसऱ्यानंतर चार-पाच दिवसांनी गेले. बसमधून उतरून गल्लीत वळले आणि थांबले. कुंपण निळं होतं. वरपासून खालपर्यंत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पान दिसू नये इतकं. त्या घरात मी वाढले आणि ते कुंपण पूर्ण निळं झालेलं मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं, कारण मी उठायच्या आत ते रोज कुणीतरी वेचून नेलेलं असायचं. फुलांच्या खाली शेंगा लोंबत होत्या, चपट्या, कोवळ्या, बोटाएवढ्या. मी बॅग खाली ठेवली आणि नुसती बघत उभी राहिले. मागून काकू म्हणाली, "पाह्यतं का? आता तोड." जशी तीच मालकीण.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघी तोडायला लागलो. कोवळी कोणती आणि जून कोणती हे मी पुस्तकातून वाचून आले होते. काकू अंगठ्यानं नुसती दाबायची आणि सांगायची. मी तिच्या निवडलेल्या आणि माझ्या निवडलेल्या शेंगा वेगळ्या ठेवून पाहिल्या, आणि मग मुकाट्यानं माझ्या तिच्याकडे तपासायला दिल्या.

आईनं तोडता तोडता विचारलं, "वेलीले का काम हाय वं ह्या विरजनाचं? ते काही तुह्यासाठी नाही बनवत."

असा प्रश्न मला लॅबमध्ये कुणी विचारला नव्हता. मी सांगितलं की वेल छोट्या प्रोटीनची साखळी बनवते आणि या विरजणानं तिची दोन्ही टोकं एकमेकांना जोडून कडं करते. टोकच उरलं नाही तर ते सहजासहजी तुटत नाही. अळीनं खाल्लं तर अळीलाच बाधतं.

आईनं हातातली शेंग उलटीपालटी करून पाहिली. "म्हनूनच," ती म्हणाली. "वालाच्या वेलीले दरसाल अळी लागते. बाजूले गोकर्णी, तिले हात लावत नाही. मी म्हनो, हिच्यात काही तरी हाय." मग शेंग पिशवीत टाकत, स्वतःशीच, "केवढी अक्कल हाय वं हिले."

बर्फ बाबांनी आणला, मासोळ्या विकणाऱ्या बाईकडून, तिच्याच थर्माकोलच्या डब्यासकट. शेंगा पिशव्यांत भरून बर्फात दाबल्या. बाबा म्हणाले, मी घेऊन चलतो, तुले झपकी लागते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची टपालं पोहोचवली होती, कधी एक हरवलं नाही. मोहाडी ते नागपूर तो डबा त्यांच्या मांडीवर होता. भंडाऱ्याच्या स्टँडवर बस थांबली, मी चहाला उतरले, ते उतरले नाहीत. मी वर येऊन ग्लास दिला तो त्यांनी एका हातानं घेतला, दुसरा झाकणावरच. लॅबमध्ये डबा उघडला तेव्हा बर्फ शाबूत होता आणि मासोळ्यांचा असा वास सुटला की सर आपल्या खोलीतून बाहेर आले.

निघताना मी आईला म्हणाले होते, "पुरलं नाही तर पुन्हा लागतील." सहज म्हणाले होते.

पुढे सोपं नव्हतं. शेंगा थंडीत वाटायच्या, गाळायच्या, त्या हिरव्या गढूळ रसातून हवं ते एकच एन्झाइम हजार नको त्या गोष्टींतून वेगळं काढायचं. पहिल्या खेपेला सगळं वाया गेलं. दुसऱ्या खेपेला थोडं हाती आलं आणि दोन दिवसांत मेलं. दिवाळीला मी घरी गेले नाही. मेसमध्ये जेवताना हाताला शेंगांचा वास यायचा. उरलेल्या शेंगा एकाच खेपेपुरत्या होत्या. मी तारखा बघणं सोडून दिलं.

तिसऱ्या खेपेला नळीच्या तळाशी जे उरलं ते डोळ्याला दिसतही नव्हतं. स्वच्छ पाणी. त्यातलं थोडंसं घेऊन प्रोटीन आणि रंगाच्या तुकड्यात टाकलं. दुपारचे तीन वाजले होते. वीस मिनिटांनी थांबवलं, आणि जेलवर चढवलं. जेल म्हणजे जेलीसारखी पातळ लादी, तीत प्रोटीनं आपापल्या आकाराप्रमाणे खाली सरकून रेघा पडतात. रंग जिथं जोडला गेला असेल ती रेघ चमकते.

दिवा लावला. एकच हिरवी रेघ होती. ठसठशीत, सरळ. मग त्याच लादीतलं सगळं प्रोटीन दिसेल असं रंगवून पाहिलं, बिनलेबलाचं किती उरलंय ते बघायला. जवळजवळ काहीच उरलं नव्हतं. अब्जावधी साखळ्या, प्रत्येकीच्या शेपटीची तीन अक्षरं वाचली गेली, दोन कापली, एक तुकडा जोडला. कुठंही नाव झाकलं नाही. वीस मिनिटांत. बाबांना त्या गठ्ठ्यांना तीन महिने लागले होते. मी हात जोडले की नाही मला आठवत नाही, पण जोडले असतील.

तरी खात्री करायची होती. काकूनं डब्यात न विचारता तिच्या बांधीतली धानाची पानं घातली होती, "हे बी ने" म्हणून, आणि त्यांच्यावरची बुरशी मी लॅबमध्ये रोपांवर वाढवली होती. त्यातलं एक पान घेतलं, डाग नसलेलं, हिरवंगार, कुणीही निरोगी म्हणेल असं. त्याच्या कापावर लेबल लावलेलं प्रोटीन टाकलं, धुतलं, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. आत हिरवे धागे होते. बारीक, फांद्या फुटलेले, पेशीतून पेशीत शिरणारे. करपा. डाग पडायच्या आधीचा करपा, जो आजवर काकूला कधी दिसला नव्हता. माझ्या प्रोटीननं त्याला धरून ठेवलं होतं. मला भीती वाटली आणि आनंदही झाला, दोन्ही एकदम. मी सरांना बोलावलं. ते बराच वेळ डोळा लावून उभे राहिले आणि म्हणाले, "लिहायला घ्या." मला पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांनी अहो-जाहो केलं.

मी बाहेर व्हरांड्यात येऊन घरी फोन लावला. डिसेंबरचा पहिला आठवडा होता.

"आई, झालं."

"झालं?"

"झालं. विरजण लागलं. सगळं जसं पाहिजे तसं झालं."

मी रडतच होते. आईनं विचारलं, "मंग आता फुलं तोडाची का?"

"कोणती फुलं?"

"गोकर्णीची. तू म्हनली होती ना, पुरलं नाही त पुन्हा लागन. मंग कोनी तोडले नाही."

मी शेंगा घेऊन निघाले त्याला दीड महिना होऊन गेला होता. मधे दिवाळी झाली. कार्तिकी पौर्णिमा झाली. मी कुणाला काही कळवलंच नव्हतं. मला गल्लीची आठवणसुद्धा राहिली नव्हती. आणि इतके दिवस काकूचा महादेव आणि आमचं विहार दोघंही निळ्या फुलावाचून राहिले होते. काकू रोज सकाळी रिकामी टोपली घेऊन कुंपणापाशी यायची, आई सांगत होती, आणि विचारायची, "झालं का पोरीचं?" आई म्हणायची, नाही अजून. काकू परत जायची.

"आता बहार सरला वं," आई म्हणाली. "वाळल्या शेंगाच हाय सगळ्या. फुलं चारच उरले. काकू म्हनते, दोन तिच्या देवाले अन् दोन विहारात. तोडू का?"

फोनमध्ये मागे काकूचा आवाज ऐकू आला, "का म्हनते पोरगी?"

"तोडा," मी म्हणाले.